भीमाचं साल

हसू नका रे. संगप्पा माझ्या शेजारचा, खोटं बोलणाऱ्यातला नव्हे.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. शहर वाढत होतं, पाणी आटत होतं. संगप्पानं आजोबाच्या शेतात नवं घर बांधलं होतं. बायको शिवकांता दिवस भरलेली, वर तापानं फणफणलेली. घरात पाणी एक तांब्या. फाल्गुन अमावास्येची रात्र, उजाडलं की पाडवा. संगप्पा घागरी घेऊन टँकर गाठायला गेला आणि अकराच्या सुमारास रिकामाच परतला.

दारातला रांजण काठोकाठ भरलेला.

"कुणी भरला गं?"

"कावड कुरकुरली... मला वाटलं, तुम्हीच."

कावड म्हटल्यावर संगप्पाला आजोबाचा सालगडी भीमा आठवला. संगप्पाचा आजोबा महादेवप्पा. निजामाच्या काळात धर्माबादकडून पोट भरायला आलेल्या भीमाला त्यानं दोन पोती ज्वारीवर बांधून घेतलं. पाडव्याला मालकानं 'साल सरलं' म्हणायचं, नवा जोडा द्यायचा, की सालगडी मोकळा. महादेवप्पा दर पाडव्याला तोंड फिरवून बसायचा. भीमानं चाळीस वर्षं कावड वाहिली आणि आडावरच जीव सोडला. पुढं आड बुजवला, त्याचेच दगड या घराच्या पायात गेले. आपल्याला पाणी दिसतं रे, वाहणारा दिसत नाही.

दोन वाजता पुन्हा कुरकुर. अंगणात. मग उंबऱ्याशी.

टप... टप...

"मालक... पाडवा आला."

संगप्पा दाराआड येऊन उभा राहिला.

"साल सरलं म्हना की, मालक. खांदा लई दुखायलाय."

दोनच शब्द. ओठांवर आले होते. तेवढ्यात आतून शिवकांता कण्हली, "पाणी..."

ह्याला सोडलं, तर उद्या कोण आणणार? संगप्पा रडला. मला सांगतानाही रडत होता.

"अजून एक साल, भीमा... एकच."

बाहेरची टपटप थांबली.

मग कावड उचलल्याचा आवाज.

पहाटे पोरगा झाला. शिवकांता वाचली. सुईण भामाबाईनं रांजणातलं पाणी घेतलं, बाळाला धुवायला लागली आणि तिचा हात थांबला.

"संगप्पा... हिकडं या."

बाळाच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता. जाड, काळा. चाळीस वर्षं कावड वाहिल्यावर पडतो तसला.