भाकरीचा त

"आठ दिवसांत त्या म्हातारीगत बोलून दावतो. न्हाय जमलं तर चौकात बसून अर्धी मिशी काढतो," पिराजी अनुजाला म्हणाला. "आन जमलं, तर तू माझ्या पाया पडायचं. गुरुजी म्हणून."

कट्ट्यावर हशा पिकला. अनुजा तेवढी हसली नाही. शेजारची ही पोरगी पेरू देशातल्या डोंगरात तीन वर्षं राहून क्वेचुआ भाषा शिकून आली होती. तिथले उच्चार देवनागरीत कसे लिहायचे, यावर डोकं फोडत होती. सातुर्निना नावाच्या म्हातारीनं शब्द म्हणून दिले होते, ते तिच्या मोबाईलमध्ये होते. त्यातला एक त भलताच. श्वास घशात कोंडायचा, जीभ फटकन सोडायची. तसं 'तान्ता' म्हटलं की भाकरी. साधा त लावला की भाकरी जाऊन जमाव उभा.

"लावा पैज, काका," अनुजा दात खाऊन म्हणाली. "शनिवारी तिलाच फोन लावते. तिच्या गावची जुनी गाणी आता तिला एकटीलाच येतात. टिंगल करायला तीच गावली व्हय तुम्हाला?"

पिराजी गल्लीत कुणाचाही आवाज काढायचा. सासऱ्याच्या आवाजात फोन करून जावयांना झापायचा. त्याची पद्धत ठरलेली. शब्द नंतर, आधी माणूस उचलायचा. दात किती पडलेत, मान कुठं कलते, थुंकी कुठं साठते.

तिसऱ्या दुपारी त्यानं अनुजानं पाठवलेलं रेकॉर्डिंग माडीवर लावलं. म्हातारी शब्द म्हणायची आणि थांबायची.

"तान्ता," पिराजी म्हणाला.

"मनन्," म्हातारी म्हणाली.

पुन्हा म्हटलं. पुन्हा "मनन्."

तो तडक अनुजाकडं गेला. "मनन् म्हंजे काय गं?"

"मनन् म्हणजे 'नाही'."

"रेकॉर्डिंगात मनन् घालून मला बनवतीस व्हय? मला?"

तिनं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. शब्द, मग शांतता. शब्द, मग शांतता. मनन् कुठंच नव्हतं.

जगाला टोप्या घालणाऱ्याला कुणीतरी टोपी घालत होतं. पिराजीचं टाळकं सटकलं. दार लावून तो बसला. मनन् आलं की शिव्या घालायचा आणि पुन्हा म्हणायचा.

सातव्या दिवशी मनन् आलं नाही. "अरी," म्हातारी म्हणाली. व्हय म्हणाली, हे त्याला न विचारताच कळलं.

त्याचा मोबाईल तेव्हा खाली चार्जिंगला होता.

शनिवारी संध्याकाळी सहाला अख्खी गल्ली चौकात. जोतीराम न्हाव्यानं सलूनची खुर्ची बाहेर मांडलेली. व्हिडिओ कॉल लागला. तिकडं सकाळ होती. म्हातारीची लेक रडत काहीतरी बोलली. अनुजाचा चेहरा उतरला.

"काका, ह्या आठ दिवसांत तिची वाचा गेलीय. एकेक अक्षर करून गेली."

"सोंग हाय!" पिराजी खवळला आणि म्हणाला, "तान्ता!"

त्याच्या तोंडून बाईचा आवाज. म्हाताऱ्या बाईचा.

पडद्यावर सातुर्निनानं मूठ टेबलावर आपटली. तोंड उघडून ओरडली. आवाज नव्हता.

"परत द्या!" अनुजा किंचाळली. "तिचं हाय ते!"

"घे जा!" पिराजी त्याच आवाजात गरजला. "हरलो मी! घे तुझं!"

घशात काहीतरी फटकन सुटलं.

तो खुर्चीत कोसळला.

जोतीरामनं वस्तरा उघडला. "डावी का उजवी?"

पिराजीनं तोंड उघडलं. जीभ हलली. काही आलं नाही.

पडद्यावर सातुर्निनानं ओठ पुसले.

"डावी काढ की रं, जोत्या," ती पिराजीच्या आवाजात म्हणाली.

जोतीरामनं डावी काढली.