समोरचा बाक

दोन हजार आठ सालच्या मे महिन्यात चारुदत्तराव मॉन्ट्रियालशेजारच्या लव्हालमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून सायकलच्या सहलीचा बेत आखत होते. नागपूरचा माणूस, पेशाने इंजिनिअर, त्यात विधुर. म्हणजे बेत आखायला वेळच वेळ. तिथून उत्तरेला मॉन्ट-लॉरिएपर्यंत पूर्वी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उखडले आणि त्या जागी दोनशे किलोमीटरची सायकलची वाट झाली. चार दिवस, रोजचे किलोमीटर, मुक्कामाची घरं, पाणी कुठे मिळेल, पंक्चर झालं तर काय, सगळं एक्सेलमध्ये बसवून झालं होतं. माणसं दोन. दुसरी म्हणजे ट्रेनने पाच-सहा तासांवरच्या व्हिटबीला नोकरी करणारी त्यांची लेक, ईशानी. पत्नी अरुणाताईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बापलेक चार दिवस असे एकत्र राहिलेच नव्हते. सायकल हे निमित्त. म्हाताऱ्याला ते चार दिवस हवे होते.

मग तिचा फोन आला. "बाबा, आय कान्ट गेट द टाइम ऑफ. नेक्स्ट समर, प्रॉमिस."

"अगं, त्यात काय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग एक्सेलमध्ये दोनच्या जागी एक लिहिलं.

शनिवारी, सगळं सामान लादून सायकल झेपते का ते बघायला, ते त्या वाटेवर एक चक्कर मारायला निघाले. मोसम अजून सुरू व्हायचा होता. झाडांना पालवी नव्हती, सावलीत मळकट बर्फ पडून होता, आणि वीस किलोमीटरमध्ये माणूस म्हणून दिसला नाही. बारीक खडीवर चाकांची चरचर तेवढी सोबतीला. दुपारी ते एका जुन्या स्टेशनाशी थांबले. लाकडी खोली, आत समोरासमोर दोन बाक, बाकी काही नाही. एका बाकावर बसून त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि सवयीने म्हणाले, "या जेवायला."

हसू नका. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. डबा उघडला की समोर कुणी असो नसो, तोंडातून ते निघतंच. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, घ्या, चालू द्या. खरोखर उठून आपल्या डब्याशी येऊन बसलेला माणूस कुणी पाहिलाय? पण हा रिवाज आपला. तिथल्यांना तो कुठून ठाऊक असणार...

समोरचा बाक करकरला. भरल्या अंगाचा माणूस हळूच टेकावा तसा. दगडी कोळशाच्या धुराचा वास आला, आणि त्यात मिसळलेला ओल्या लोकरीचा. चारुदत्तरावांनी मान वर केली नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. आता 'चालू द्या' म्हणेल आणि आपण सुटू, एवढंच त्यांच्या मनात होतं. कुणी काही म्हणालं नाही. त्या दिवशी त्यांनी डब्यात तीन पोळ्या आणल्या होत्या आणि एकच खाल्ली. झाकण लावताना डबा रिकामा होता.

परतीला उतार होता, तरी पायडल मारवेना. दोनदा उतरून त्यांनी मागचं चाक चाचपलं. हवा भरपूर होती, तरी चाक दबलेलं होतं, सामानाखेरीज आणखी कुणी बसल्यासारखं.

आठवडाभर घरात तो वास राहिला. जेवणाच्या टेबलाशी समोरची खुर्ची रोज संध्याकाळी थोडी मागे ओढलेली असे. भीती तर वाटत होतीच; पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवसापासून चारुदत्तराव दोन ताटं घ्यायला लागले. तीन वर्षं भिंतीकडे बघत जेवलेल्या माणसाला काय नावं ठेवायची? त्यांचीच त्यांना लाज वाटली. शुक्रवारी मात्र त्यांनी मन घट्ट केलं. ऑफिसमधून मुक्कामाच्या तिन्ही घरांना फोन केले, आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये माफी मागितली आणि सहल रद्द करून टाकली.

संध्याकाळी दार उघडून आत आले, तर फोन वाजत होता.

"बाबा, सरप्राइज," ईशानी म्हणाली. "आय गॉट द वीक ऑफ."

त्यांना केवढा आनंद झाला. मग नजर टेबलाकडे गेली. आज खुर्ची मागे ओढलेली नव्हती. कुणी जेवून बाहेर पडताना सरकवावी तशी ती नीट आत सरकवलेली होती.

"ईशू... नको येऊस," ते म्हणाले. महिनाभर जिची वाट पाहिली तिलाच हे सांगताना त्यांचं काळीज तुटत होतं.

"व्हॉट? बट आय ॲम ऑलरेडी ऑन द ट्रेन. मी दुपारी घरी कॉल केला होता. युअर फ्रेंड पिक्ड अप."

"कुठला फ्रेंड?"

"नाव नाही सांगितलं. ही वॉज सो पोलाइट, बाबा. म्हणाला, मॉन्ट्रियालला उतरू नको, ट्रेन अजून वर जाते. ही विल मीट मी ॲट द स्टेशन."

"ईशू, ऐक. वर ट्रेन जात नाही. तिकडे रूळच नाहीत, कधीचे उखडलेत... तू मॉन्ट्रियालला उतर. मी येतो घ्यायला, आत्ता निघतो."

पलीकडून चाकांचा आवाज येत होता, खड्डक-खड्डक, अगदी संथ.

"मॉन्ट्रियाल तर केव्हाच गेलं, बाबा," ती म्हणाली. "एव्हरीबडी गॉट ऑफ देअर." मग तिचा आवाज खिडकीकडे वळला. "झाडं किती जवळून जातायत... ऑलमोस्ट टचिंग द ग्लास."