दोन दिवसांचं बूच

मुखेडच्या अलीकडे फाट्यावर जे गाव आहे, तिथं पाणी सोडायचं काम साहेबरावकडं. टाकी वीस वर्षांपूर्वीची, पाइपही तेव्हाचाच. घरं मात्र दुपटीनं वाढली, त्यामुळं नळाला पाणी नवव्या दिवशी, तेही पाऊण तास. एक वेळ जावई आला नाही तरी चालेल, पण साहेबराव आलाच पाहिजे, असं बायका म्हणत.

त्याची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं. कुणाचा नळ सुरू आहे, कुणी चोरून मोटर लावलीय, सगळं त्याला ऐकू येई. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, सळईवर होता.

मे महिन्यातल्या त्या दुपारी उताराच्या गल्लीत गुरम्मा त्याची वाट बघत उभी होती. गल्लीतलं शेवटचं राहतं घर तिचं. सून दामिनी पाच दिवसांची बाळंतीण. तिच्या माहेरी निलंग्याकडं टँकरसुद्धा येईना, म्हणून बाळंतपण सासरीच केलेलं. आणि इथं पाणी सोडूनही नळातून नुसती हवा फुसफुसत होती.

“साहेबराव, लेकराला आंघोळ न्हाई कालपासून,” गुरम्मा रडकुंडीला आली होती. “घरात तांब्याभर पाणी हाय फक्त.”

“कुणीतरी मोटर लावून राहिलंय, मावशी. आत्ता धरतो.”

त्यानं एकेक नळ बंद करायला लावला. सगळी गल्ली कुरकुरत दारात येऊन उभी राहिली. मग गुरम्माच्या दारातल्या पाइपवर त्यानं सळई टेकवली.

पाणी पडत होतं. गुरम्माच्या घराच्याही पुढं. घागर भरण्याचा आवाज, आधी पोकळ, मग दाटत जाणारा, मग गप्प. थोड्या वेळानं दुसरी घागर.

पुढं फक्त रत्नम्माचं पडकं घर होतं. तिथल्या नळाला त्यानंच तर बूच मारलं होतं, तीन वर्षांपूर्वी. तिचं घर सगळ्यांत खाली, पाणी तिच्याकडंच पळतं, म्हणून वरच्यांनी भांडण काढलेलं. “अम्मा, दोनच दिवस. वरच्यांचं भागलं की काढतो,” असं तो म्हणाला होता. “काढ बाबा, आठवणीनं,” एवढंच ती बोलली. दोन दिवसांचे दोन महिने झाले. कपाळाला भस्माची इबूत लावलेली ती म्हातारी लांबच्या हातपंपावरून पाणी आणायला लागली, आणि मेच्याच एका दुपारी भरल्या घागरीसकट बांधावर पडली ती उठलीच नाही. बूच तसंच राहिलं.

तो पुढं गेला. बूच कोरडं होतं. भोवतीची माती तापलेली, भेगाळलेली. त्यानं सळई टेकवली.

घागर भरत होती. अगदी जवळ.

त्यानं पाना लावला. तीन वर्षं गंजलेलं बूच दोन आट्यांत निघालं.

“अम्मा, चुकलं माझं,” तो हळूच म्हणाला.

आवाज थांबला. उघड्या पाइपातून थेंबही पडला नाही. मागून मात्र गुरम्मा ओरडली, “आलं! पाणी आलं रे बाबा!”

साहेबरावचे डोळे भरून आले. लाइनीत हवा अडकली असेल, त्यानं स्वतःला बजावलं. बूच काढल्यावर सुटली. असं होतं.

बूच हातात तसंच धरून तो गुरम्माच्या दारात आला. ती पहिली घागर घेऊन न्हाणीकडं गेली आणि थबकली. तिथला रांजण काठोकाठ भरलेला होता.

“हे कुणी भरलं गं?”

“त्या आजींनी,” बाळाला घेऊन बसलेली दामिनी म्हणाली. तिला या घरात येऊन वर्षच झालं होतं. “कपाळाला इबूत लावलेल्या. मघापासून मागच्या दारानं घागरी आणून ओतून राहिल्या होत्या. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं.”

मग तिनं साहेबरावकडं पाहिलं.

“दादा, तुम्हाला निरोप हाय त्यांचा. दोन दिवस झाले का, विचारत होत्या.”