सात नंबरचा ओला टॉवेल

भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून कामाला लागते. मला असल्या गोष्टींना वेळ नसतो.

पण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या या हातांनी पिळलंय, वाळत घातलंय. म्हणून सांगते. पटलं तर बघा.

चार-पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. बेटावरचा आमचा रिसॉर्ट वादळी महिन्यांसाठी बंद झाला होता. पाहुणे गेले, स्वयंपाकी गेले, मॅनेजर गेले. मागे राहिलो दोघंच. कॉटेजची साफसफाई बघणारी मी, आणि सोलरच्या बॅटऱ्या नि पंप सांभाळणारा मिस्त्री. तो बेटाच्या पार त्या टोकाला राहायचा. जेवायला यायचा तेवढाच.

माझा धाकटा भाऊ फोनवर रोज डोकं खायचा. म्हणे, ताई, घरी चल, तिथे आता कोण आहे तुझं?

कोण आहे ते त्यालाही माहीत होतं. माझा नवरा तिथेच होता... कुठेतरी पाण्यात.

तो समुद्रातला माळी. सगळे त्याला माळीच म्हणायचे. जिथलं प्रवाळ मेलंय तिथे नवं लावायचं, हे त्याचं काम. पाण्याखाली लोखंडी चौकटी बसवायच्या आणि त्यांवर प्रवाळाच्या फांद्या राखाडी लगद्याने चिकटवायच्या. एका दुपारी चौकटी बघून येतो म्हणून गेला.

होडी नांगरलेली सापडली. तो नाही.

खूप शोधलं. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. सगळे म्हणाले, आता मान्य कर. मी म्हटलं, दाखवा मग.

म्हणून मी तिथे थांबले होते. मी निघून गेले तर त्याची वाट बघायला कुणीच उरणार नव्हतं.

आता टॉवेलचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बेटावर गोडं पाणी म्हणजे टाक्यांत साठवलेलं पावसाचं. त्यामुळे टॉवेल रोज धुवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पाहुण्याने टॉवेल खुंटीवर टांगला, म्हणजे तो अजून राहणार आहे, हाच पुन्हा वापरणार आहे. जमिनीवर टाकला, म्हणजे धुवायला न्या. आणि खोलीत माणसं जितकी, टॉवेल तितकेच.

पाहुणे दोन दिवसांत शिकायचे. माझा नवरा अख्ख्या संसारात शिकला नाही.

प्रवाळाच्या चौकटी सात नंबरच्या कॉटेजसमोर होत्या. ते रिकामं असलं की हा तिथेच अंघोळ उरकायचा आणि ओला टॉवेल टाकायचा फरशीवर. वर त्या लगद्याचे राखाडी डाग. घासून घासून माझे हात दुखायचे. मी ओरडायची, "खुंटीवर टाकायला हात झिजतात का रे तुझे?"

तो नुसता हसायचा.

तर... बंद कॉटेजना बुरशी लागू नये म्हणून मी रोज ऊन उतरलं की दारं उघडून वारा द्यायची आणि परत कुलपं लावायची. किल्ल्या माझ्या कमरेला.

त्या संध्याकाळी सात नंबरपाशी आले आणि थबकले. पायऱ्यांवर नेहमी शंखवाले खेकडे फिरत असायचे. त्या दिवशी एकही नव्हता. झाडांत पाखरू नव्हतं.

कुलूप जागच्या जागी होतं.

उघडलं. आतून आवाज आला...

टप. टप. टप.

पाणी तर मी बाहेरूनच बंद केलं होतं.

न्हाणीघराच्या फरशीवर टॉवेल पडला होता. ओलागच्च. आणि आमचे सगळे टॉवेल तर पेटीत होते, कुलपात.

मी तडक मिस्त्रीकडे गेले. चांगला फैलावर घेतला त्याला.

"वहिनी, मी त्या बाजूला जातच नाही हल्ली."

"का?"

"संध्याकाळी तिथे नळ चालू असतो." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "पंप बंद असताना."

मी टॉवेल धुवायला घेतला. खारट वास येत होता त्याला. मग उलटा केला तर...

राखाडी डाग. बोटांचे.

घासले, जाईनात. मग मी तिथेच दगडावर बसून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल घडी करून मीच सात नंबरात ठेवला. एकच. संध्याकाळी बघते तर फरशीवर, ओला. मी धुतला, वाळवला, परत ठेवला. हे रोजचंच झालं.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. त्या एवढ्या मोठ्या बेटावर माझ्यासाठी कुणीतरी काम काढून ठेवत होतं.

मग समुद्र खवळायच्या आतली शेवटची बोट ठरली. भाऊ स्वतः न्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी मी सात नंबरच्या दारात उभी राहिले आणि मोठ्याने बोलले.

"उद्या मला न्यायला येतायत. जाऊ का मी? आणि आता तरी तो टॉवेल खुंटीवर टाक."

मग दार ओढून कुलूप लावलं.

सकाळी बोटीचा भोंगा वाजला. भावाला धक्क्यावर थांबायला सांगून मी सात नंबर उघडलं.

फरशी कोरडी होती.

खुंटीकडे पाहिलं...

टॉवेल खुंटीवर होता. ओला. नीट टांगलेला. मला हसूच आलं. अखेर ऐकलं म्हणायचं.

आणि मग शेजारची खुंटी दिसली.

तिच्यावर दुसरा टॉवेल होता.

कोरडा.

मी एकच ठेवला होता. धावत जाऊन पेटी पाहिली. कुलूप तसंच, पण आत कालच्यापेक्षा एक टॉवेल कमी.

खोलीत माणसं जितकी, टॉवेल तितकेच.

तेवढ्यात सात नंबरच्या दिशेने नळाचा आवाज आला... आणि मध्येच थांबला. कुणीतरी माझी चाहूल घ्यायला नळ बंद करावा, तसा.

मी दार उघडंच टाकून पळाले. बोटीत बसल्यावर मागे वळून पाहिलं नाही. याचंच मला वाईट वाटतं.

आता भावाकडे असते. भावजय जीव लावते, पोरं दिवसभर घर डोक्यावर घेतात. तरी मला फार एकटं वाटतं.

काल मॅनेजरांचा फोन आला. रिसॉर्ट उघडतोय, कधी येता म्हणाले. जाता जाता बोलले, सात नंबरचं छप्पर गळतंय वाटतं, खुंटीवर दोन टॉवेल होते, त्यातला एक चिंब. दोन्ही धुवायला टाकतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ओला धुवा. कोरड्याला हात लावू नका."

"का हो?"

मी फोन ठेवला.

सकाळपासून भाऊ विचारतोय, ताई, बॅग कशाला काढलीस?

भरलेली नाही अजून. नुसती काढून ठेवलीय.