प्लॅस्टिकच्या आतली वाफ

बसा, पण मधे मधे फाटे फोडू नका. ही काही ऐकीव थाप नाही, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. साडू गवंडी. आधी चष्म्याच्या काचेवर 'हा' करून ती शर्टाला पुसायची आणि मगच भिंतीला हात लावायचा, ही त्याची जन्माची खोड.

त्याच्या लेकीच्या घरी एका खोलीच्या भिंतीला ओल धरली होती. चार वर्षांची नात त्याच खोलीत झोपायची आणि रात्रभर तिची छाती वाजायची. दोन बारके श्वास, एक अडकलेला, मग एक लांब. ओल घालवा नाहीतर घर सोडा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. पण घर सोडून जाणार कुठे?

साडूने गच्ची तपासली, पाइप बंद करून पाहिले, बाहेरचा गिलावा ठोकून पाहिला. सगळं ठणठणीत. मग त्याने शेवटचा उपाय काढला. भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवायचं आणि रात्रभर थांबायचं. थेंब बाहेरच्या बाजूला धरले तर दोष खोलीतल्या हवेचा, आतल्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतच. गेल्या जानेवारीतला तिसरा शनिवार होता. लेक-जावई नातीला घेऊन व्याह्यांकडे गेले आणि हा पठ्ठ्या दार लोटून एकटाच स्टुलावर बसला.

दोन वाजून दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या आत वाफ धरली. सापडलं एकदाचं, असं म्हणत तो उठला. तेवढ्यात वाफ विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

दोन बारक्या. एक अडकलेली. मग एक लांब...

तो दाराकडे धावला. दार फुगून चौकटीत गच्च बसलेलं. खांदा मारला. हलेना. खिडकीला गज. फोन बाहेरच्या खोलीत. हाका मारून घसा बसला, कुणी आलं नाही. भिंतीकडे पाठ करवेना आणि बघवतही नव्हतं.

वाफ धरली... आणि अडकली. सुटेना.

सुटेचना...

तेव्हा मात्र त्याला स्वतःची भीती उरली नाही. पोरीचाच जीव अडकलाय, एवढंच त्याला कळलं. त्याने प्लॅस्टिकला तोंड लावलं.

"तिचा सोड. माझा घे."

...

वाफ सुटली. मग पुन्हा धरली. संथ. लांब. म्हाताऱ्या माणसाची.

सकाळी जावयाने दार ढकललं, तर ते एका बोटाने उघडलं. भिंत खडखडीत कोरडी. तिकडे रात्री सव्वादोनला नातीची छाती मोकळी झाली होती, ती आजतागायत.

मी साडूला म्हटलं, जागरणाने भास झाला असेल तुला. आम्ही अंगणात उभे होतो, थंडी अशी की बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. त्याने चष्मा काढला, माझ्या नाकासमोर धरला आणि काचेवर 'हा' केलं. मग आणखी एकदा केलं.

काच कोरडीच राहिली.