एका जुडीसाठी पंधरा किलोमीटर

रस्ता चुकले म्हणून त्याच्या शेताच्या फाटकाशी गाडी थांबवली. पत्ता विचारायला उतरले आणि पालकाची जुडी घेऊन परतले. जुडी बांधता बांधता त्याने वर पाहिलं... आणि पत्ता विचारायचाच राहिला!

तेव्हापासून दर शनिवारी, पाण्याच्या टाकीजवळच्या माझ्या घरापासून पंधरा किलोमीटर. मैत्रिणींना सांगायचे, "सेंद्रिय आहे. पर्यावरणासाठी जाते." खरं म्हणजे पालक मला मुळीच आवडत नाही.

सहाव्या शनिवारी त्याने विचारलं, "एका जुडीसाठी पार पाण्याच्या टाकीपासून येता?"

"पृथ्वीची काळजी वाटते," मी साळसूदपणे म्हणाले.

माणूस गोड, पण खरं बोलायची भारी खोड. "मग येऊ नका," तो म्हणाला. "मी विषारी फवारे मारत नाही, माती चांगली राहते, हे खरं. पण माझं पीक कमी येतं, तेवढ्याच भाजीला जमीन जास्त लागते. त्यात तुमच्या गाडीचा धूर... त्यापेक्षा घराजवळच्या दुकानातला साधा पालक बरा."

घ्या! मी मनातलं सांगायला शब्द जुळवत होते, आणि याने मला वाटेला लावलं.

तीन शनिवार गेले नाही. दुकानातला पालक आणला, तो निवडता निवडता डोळे भरून आले. त्याची फार, फार आठवण येत होती.

चौथ्या शनिवारी सायकल काढली. धापा टाकत फाटकाशी पोचले, तर वाफ्यातून त्याची थोरली बहीण उठली.

"पालकवाली तूच ना?" तिने मला नीट न्याहाळलं. "तीन शनिवार तुझी जुडी बाजूला काढून वाळवली त्याने. आज टेम्पो घेऊन टाकीपाशी गेलाय, तुला शोधायला."

"एका जुडीसाठी टेम्पो?"

"मीही तेच म्हटलं. म्हणतो कसा — खरं बोललो ताई, पण पूर्ण नाही बोललो."

मी फाटकाशीच बसून राहिले. ऊन कलल्यावर टेम्पो आला. तो उतरला, हातात मलूल जुडी. मला पाहून जागीच थबकला.

"मला पालक आवडत नाही," मी सांगून टाकलं.

"माहितीय. हातात घेताना नाक मुरडायचीस."

"मग मी का येत होते?"

"तेच विचारायला गेलो होतो..."

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. खरं बोलायची खोड आता मलाही लागली होती.