अशुद्ध म्हणून काढलेली फाईल

दादरच्या त्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मी पोचले तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. शेजारच्या मुलाने तिच्यावरची आपली बॅग पटकन उचलली, टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि हसला. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला एवढं पुरतं. मीही हसले… आणि तिथेच चुकले.

'उधाण' नावाच्या ॲपवर आम्ही तीसेक जण हौसेने काम करत होतो. किनाऱ्यावर भरती कधी, वारा किती, खाडीत तेलाचा तवंग कुठे, हे सांगणारं मोकळं सॉफ्टवेअर. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. एकमेकांना ओळखायचो ते टोपणनावांनी. प्रत्यक्ष भेटत होतो पहिल्यांदाच.

"मी अच्युत. ठाकूरद्वारचा," तो म्हणाला. "तू काय बघतेस यात?"

"आधी तू सांग."

"मी माहितीच्या फायली लावल्या. एकशे चाळीस होत्या, नुसता पसारा! आता फक्त एकतीस." डोळे असे चमकत होते की जणू घरच्या गणपतीची आरास दाखवतोय.

माझा हात पाण्याच्या बाटलीवरच थांबला. "म्हणजे… 'शिवडीच्या बायांसाठी' ही फाईल तू काढलीस?"

"ती होय! डुप्लिकेट होती. आणि भाषा पण जरा… अशुद्ध. जुन्या फोल्डरमध्ये टाकली."

"ती मी लिहिलीय," मी म्हणाले. "आणि ती भाषा माझ्या आईची आहे."

पुढच्या रांगेतली चार डोकी मागे वळली. वळू देत!

आठ महिने दर रविवारी मी शिवडीच्या बंदरावर, खाडीत कालवं-चिंबोऱ्या वेचणाऱ्या बायांमध्ये बसले होते. एकेक वाक्य वाचून दाखवायचं, त्या हसल्या की बदलायचं. माझ्या आईने, म्हणजे त्यांच्यातल्याच तुळसाने, वीस जणींच्या हातापाया पडून ॲप घ्यायला लावलं होतं. आणि गेल्या मंगळवारी रमाबाईने माहितीचं पान उघडलं, तर कोरं! नकाशावरच्या लाल ठिपक्याचा अर्थ तिला कळला नाही. ती तवंगातच उतरली. चार तास चिखलात वाकून जमवलेली टोपलीभर कालवं फेकून द्यावी लागली. सगळ्यांसमोर ती आईला म्हणाली, "तुझ्या पोरीच्या यंत्रावर इस्वास ठेवला, तोच चुकला." आई त्या दिवशी जेवली नाही.

हे सगळं मी त्याला तिथेच, एका दमात ऐकवलं.

"मी दोन आठवडे आधी सूचना टाकली होती…" त्याचा आवाज बारीक झाला. "कुणी हरकत घेतली नाही."

"इंग्रजीत टाकलीस! मी डेंग्यूने अंथरुणात होते. आणि रमाबाईने हरकत घ्यायची तरी कुठे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.

"माझ्यावर पाहिजे तेवढं ओरड," तो म्हणाला. "पण मला रमाबाईंना भेटायचंय."

रविवारी सकाळी तो खरंच आला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात! आईने त्याला उलट्या क्रेटवर बसवलं आणि म्हणाली, "वाच तुझं शुद्ध."

त्याने वाचलं, "तैलप्रदूषणग्रस्त क्षेत्रातील संकलन टाळावे."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग रमाबाई म्हणाली, "पोरा, हा मंत्र कंच्या पूजेचा?"

हशा पिकला. तोही हसला. पण मग उठला, रमाबाईपुढे वाकला आणि म्हणाला, "माझ्यामुळे तुमची मेहनत वाया गेली. कुणाला न विचारता मी ते पान काढलं. चुकलं माझं." रमाबाईने टोपलीतून नांग्या हलवणारी एक चिंबोरी काढून त्याच्या हातात दिली. तो असा किंचाळला की सगळं बंदर वळून बघायला लागलं.

त्याच दुपारी माझी फाईल जागेवर आली. नुसती जागेवर नाही, पहिल्या क्रमांकावर. "लाल ठिपका दिसला तं तिथं जावाचा नाय." जसंच्या तसं! सिद्धार्थ नावाच्या एकाने लगेच टोचून लिहिलं: बोलीभाषेला मुख्य जागा कशाला? मी दातओठ खात उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात अच्युतचं उत्तर येऊन पडलं. "कारण ही फाईल वाचून माणसं वाचतात आणि माझी वाचून हसतात. काढली होती ती माझी चूक. यापुढे ज्याची फाईल, त्याला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय हलवायची नाही." खाली स्वतःचं पूर्ण नाव.

परळच्या ऑफिसात बसून मी ते तीनदा वाचलं. रागवायला कारणच ठेवत नाही हा माणूस! याचाच मला जास्त राग आला.

मग तो दर रविवारी यायला लागला. आधी फाईल तपासायला, मग नवे शब्द लिहून घ्यायला. सुकती म्हणजे ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती… मग आईच्या हातचं जेवायला. शर्टाची इस्त्री गेली, चिंबोरी धरता यायला लागली.

सहाव्या रविवारी आम्ही लालबागपर्यंत चालत गेलो. उसाच्या रसाचे ग्लास समोर आले तेव्हा तो म्हणाला, "कीर्ती… फाईल तर कधीच पूर्ण झाली."

"मग कशाला येतोस? आईच्या बोंबलांसाठी?"

"ते तर आहेच." त्याने ग्लास फिरवला, ठेवला, परत उचलला. "पण… तुझ्यासाठी येतो. तू नसलीस त्या दिवशी बोंबीलही गोड लागले नाहीत."

"सहा रविवार!" मी ग्लास आपटला. "एकशे चाळीस फायली एका आठवड्यात हलवतोस, आणि एवढंसं वाक्य बोलायला सहा रविवार?"

"तू… चिडलीयेस?"

"भयंकर," मी म्हणाले, आणि रसाने चिकट झालेला त्याचा हात घट्ट धरला. "आता चल. आईला हे तूच सांगायचंस. आणि शुद्ध मराठीत सांगितलंस तर बघ!"